सुपरवायझर कुणाला करायचं? कामातली उमेद आणि थेट वरचा माणूस

चाकण_शिफ्ट

आमच्या कारखान्यात (चाकण एमआयडीसी, गाड्यांचे सुटे भाग) दिवाळीनंतर काही ऑपरेटरना लाईन सुपरवायझर म्हणून बढती मिळते. निवड बहुतेक ठिकाणी होते तशीच होते. ज्याचं रिजेक्शन (खराब निघालेला माल) कमी, हजेरी चोख, मशीनवर हात बसलेला, त्याचं नाव वर जातं. मी प्रशिक्षण विभागात आहे, त्यामुळे ही माणसं बढतीआधीही माझ्यासमोर असतात आणि नंतरही. काही जण फार सुंदर काम करतात. पण बऱ्याचदा असं होतं की वर्षभरात त्या लाईनवरची गैरहजेरी वाढते, लोक दुसऱ्या लाईनवर बदली मागायला येतात, नवीन मुलं पहिला-दुसरा पगार घेऊन निघून जातात. मशीन तेच, पगार तोच, कँटीनही तेच. बदललेला असतो तो फक्त वरचा माणूस.

माझं मत ठाम होत गेलंय ते असं. माणूस कामावर येताना उमेद घेऊनच येतो. मराठवाड्यातून, विदर्भातून आयटीआय करून आलेली मुलं पहिल्या दिवशी गेटवर उभी असतात तेव्हा त्यांचे चेहरे पाहावेत. घरी फोन करून 'लागलो' म्हणून सांगून झालेलं असतं. अशा मुलाला 'मोटिव्हेट' करायला बाहेरून वक्ता आणावा लागत नाही. सहा महिन्यांनी तोच मुलगा घड्याळाकडे बघत काम का करतो, हा खरा प्रश्न. त्याचे आठ तास ज्याच्या हातात असतात, त्या सुपरवायझरला आपण सगळ्यात कमी शिकवतो. नवीन मशीन आलं की आठवडाभर ट्रेनिंग, माणसं सांभाळायला दिली की अर्धा दिवस स्लाइड्स.

कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी अमेरिकेतल्या आयोवात दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या हस्तकलेच्या गटांवर केलेला अभ्यास १९३९ साली प्रसिद्ध झाला. काही गटांवरचा मोठा माणूस हुकूम सोडणारा, काहींवरचा मुलांशी बोलून ठरवणारा, काहींवरचा नुसता बसून राहणारा. हुकमाच्या गटात मोठा माणूस समोर असेपर्यंत काम भरपूर व्हायचं, तो खोलीबाहेर गेला की घसरायचं. बोलून ठरवणाऱ्या गटातली मुलं तो गेल्यावरही जवळजवळ तशीच काम करत राहायची. हे वाचल्यापासून मला एक सवय लागली आहे. सुपरवायझर मीटिंगला गेला की त्या लाईनवर थोडा वेळ उभं राहायचं आणि काय होतं ते बघायचं. रोजच्या रिपोर्टात न येणारं बरंच काही तेव्हा दिसतं.

पुढच्या निवडीसाठी मला एक प्रस्ताव लिहायचा आहे. तुमच्याकडे वरचा माणूस कसा निवडतात? चांगला वरचा माणूस भेटला असेल तर तो नेमकं काय करायचा? कारखानाच हवा असं नाही. बँक, दवाखाना, शाळा, आयटी, काहीही चालेल. 'आदर द्यायचा', 'विश्वास टाकायचा' एवढ्यावर थांबू नका, तो सकाळी आल्यावर काय करायचा ते सांगा.

हिंजवडी_फेज_टू

आयटीत अगदी हेच. ज्याचा कोड चांगला त्याला टीम लीड करतात. त्याला माणसांशी बोलायला आवडतं का, एवढंही कुणी विचारत नाही.

आमच्या लीडच्या हातात वर आणखी एक गोष्ट दिलेली असते, बेल कर्व्ह. टीममध्ये कितीही चांगली माणसं असली तरी कुणीतरी तळाला बसलंच पाहिजे. अप्रेझल जवळ आलं की याचा परिणाम डोळ्यांनी दिसतो. एरवी शेजारी बसून अडचण सोडवून देणारी माणसं आपापल्या स्क्रीनमध्ये जातात. नव्या मुलाला तासभर समजावून सांगणाऱ्या मुलीच्या नावावर तो तास कुठेच लागत नाही. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०१३ मध्ये ही सक्तीची क्रमवारी बंद केली, तरी इथे अनेक ठिकाणी ती वेगळ्या नावाने चालूच आहे.

तुम्ही सकाळचं विचारलंत म्हणून सांगतो. मला लाभलेला सगळ्यात चांगला लीड रोज सकाळी एकच विचारायचा, "तुझं काय अडलंय?" आणि जे अडलंय ते दुपारपर्यंत सोडवून आणायचा. कुणाचा अ‍ॅक्सेस, कुणाचं अप्रूव्हल, दुसऱ्या टीमकडून न येणारं उत्तर. 'काम कुठवर आलं' असं त्याने क्वचितच विचारलं असेल, कारण त्याला ते माहीतच असायचं.

निवृत्त_फिटर

ताई, विषय चांगला काढलात. पण आधी पगाराचं बोला.

मी पिंपरीत एका मोठ्या कारखान्यात फिटर होतो, युनियनचं कामही केलं. आमच्या वेळी एका लाईनवर उभी असलेली माणसं बहुतेक एकाच पगारपत्रकावर असायची. आज एकाच मशीनच्या दोन बाजूंना दोन माणसं उभी असतात, एक कायम आणि एक कंत्राटी. काम तेच, शिफ्ट तीच, पगारात मात्र जमीन-अस्मानाचं अंतर. कंत्राटी पोराला हे पहिल्या महिन्यातच कळतं, कारण शेजारचा त्याला आपली स्लिप दाखवतो. आता तुमचा सुपरवायझर कितीही गोड बोलला तरी त्या पोराची उमेद कुठून टिकणार? सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये पंजाब सरकारच्या हंगामी कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात समान कामाला समान वेतन द्या असं सांगितलं. ते सरकारी खात्यांचं झालं, चाकणच्या लाईनवर काय आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

बोनसचंही तसंच. १९६५च्या कायद्यात किमान ४ टक्के होते, पुढे ते ८.३३ टक्के झाले, म्हणजे वर्षाला साधारण एका महिन्याचा पगार. आम्ही त्याला बक्षीस कधीच मानलं नाही, तो मागे ठेवलेला पगार. कायद्याने देणं लागतं ते कौतुक म्हणून वाटू नये, माणसाला ते बरोबर कळतं.

एवढं बोलून मग तुमच्या प्रश्नाकडे येतो. आमचा एक फोरमन फार कडक होता. शिफ्टला पाच मिनिटं उशीर चालायचा नाही. पण चूक झाली तर माणसाला बाजूला घेऊन बोलायचा, चारचौघांत नाही. वरून साहेब तावातावाने आले की "लाईन माझी आहे, मला विचारा" म्हणून मधे उभा राहायचा. खंडेनवमीला आपल्या हाताने मशीन पुसायचा आणि पूजेला हेल्परला पुढे करायचा. त्याच्या शिफ्टला उगाच खाडा करणारा माणूस मी पाहिला नाही.

पेठेतली_वाचक

वाचतेय. फोरमनचं वाचून वडिलांची आठवण आली. येऊ द्या अजून.

मानसतरंग

मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवतो. फिटरकाकांच्या मुद्द्याला संशोधनाचा चांगला आधार आहे आणि तो मुद्दा कंपन्यांच्या शिबिरांत अनेकदा उलटा करून सांगितला जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फ्रेडरिक हर्झबर्गने पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे २०० इंजिनियर आणि हिशेबनिसांना विचारलं की कामावर तुम्हाला खूप चांगलं कधी वाटलं आणि खूप वाईट कधी वाटलं. १९५९ साली त्याने निष्कर्ष मांडला. चांगल्या आठवणींत काहीतरी साधल्याचा आनंद, दखल, जबाबदारी, कामाचं स्वरूप या गोष्टी पुन्हा पुन्हा येत होत्या. वाईट आठवणींत कंपनीची धोरणं, वरिष्ठाची वागणूक, पगार, कामाची परिस्थिती. शिबिरातला वक्ता यातून काय सांगतो? 'पैशाने उमेद येत नाही.' पण अर्धं वाक्य तो गिळतो. पगार कमी किंवा अन्यायाचा असेल तर असमाधान पक्कं, हे हर्झबर्गच्याच मांडणीत आहे. पगाराची बाजू आधी नीट करा, मग कामाच्या गोडीचं बोला, असा त्याचा अर्थ होतो. या अभ्यासावर रास्त आक्षेपही आहे. चांगलं घडलं की माणूस श्रेय स्वतःकडे घेतो, वाईट घडलं की दोष परिस्थितीला देतो, तेव्हा निव्वळ आठवणी विचारून केलेल्या विभागणीवर फार भरवसा ठेवता येत नाही.

स्लिपा शेजारी शेजारी ठेवून बघण्याबद्दल म्हणाल तर जे. स्टेसी अ‍ॅडम्सने १९६३ साली नेमकं तेच मांडलं. माणूस पगाराचा नुसता आकडा बघत नाही. आपण किती देतो आणि आपल्याला किती मिळतं याचं गुणोत्तर तो शेजारच्याशी ताडून पाहतो. ते बिघडलेलं दिसलं की तो ते आपल्या परीने दुरुस्त करतो. पगार वाढवणं हातात नसतं, मग कष्ट कमी करतो, किंवा नोकरी सोडतो. व्यवस्थापन त्याला आळशी म्हणतं. त्याच्या लेखी मात्र हिशेब चुकता झालेला असतो.

पैसा ओतला की काम वाढतं, हेही सरळ नाही. डॅन एरियली आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग आपल्या मदुराईत झाला, २००९ साली प्रसिद्ध झाला. लोकांना स्मरणाचे, लक्ष लावायचे, हाताच्या कौशल्याचे खेळ दिले आणि बक्षिसाच्या तीन पातळ्या ठेवल्या. सगळ्यात मोठं बक्षीस तिथल्या माणसाच्या कित्येक महिन्यांच्या खर्चाएवढं होतं. ते ज्यांच्यासमोर होतं त्यांची कामगिरी सगळ्यात खराब झाली. डोक्यात बक्षीसच बसलं की हात चुकतो. वर्षाच्या शेवटी एकाच आकड्यावर मोठी रक्कम टांगून ठेवणाऱ्यांनी यावर विचार करावा.

मास्लोचा पिरॅमिड, म्हणजे माणसाच्या गरजांच्या एकावर एक पायऱ्या, कुणी आणण्याआधी एवढंच, की त्याच्या १९४३च्या मूळ लेखात पिरॅमिडची आकृती नाही, आणि पायऱ्या त्याच क्रमाने चढाव्या लागतात असा ठोस पुरावाही पुढे मिळाला नाही.

हिंजवडी_फेज_टू, तुमच्या लीडबद्दल. टेरेसा अमाबिले यांनी सात कंपन्यांतल्या २३८ लोकांकडून रोज छोटी डायरी लिहून घेतली, जवळजवळ १२,००० नोंदी. लोकांचे चांगले दिवस कोणते? ज्या दिवशी अर्थ असलेल्या कामात थोडी का होईना प्रगती झाली ते. 'काय अडलंय' विचारून अडलेलं सोडवणारा माणूस रोज हेच घडवत होता.

नदीपात्र

मी दिवसा खराडीत नोकरी करते आणि गणपतीच्या आधी दोन महिने संध्याकाळी ढोल वाजवते. म्हणून मला एक वेगळा प्रश्न पडतो.

आमच्या पथकात आयटीवाले आहेत, बँकेतले आहेत, रिक्षा चालवणारे आहेत, कॉलेजची मुलं आहेत. वाद्यपूजन झालं की रोज सराव. दिवसभर कॉल, मग ट्रॅफिकमधून नदीपात्रात यायचं, कमरेला ढोल बांधायचा आणि हाताला फोड येईपर्यंत एकच ठेका पुन्हा पुन्हा. एक पैसा मिळत नाही, उलट वर्गणी आपणच भरतो. यातलेच काही जण ऑफिसात 'अजिबात पुढाकार घेत नाहीत' म्हणून ओळखले जातात. माणूस तोच आहे. मग तिथे जे होतं ते इथे का होत नाही?

मला दिसतं ते सांगते. नवीन वादकाला जुना वादक शिकवतो, आणि शिकवणं हे त्याचं काम मानलं जातं, ते करताना त्याचं काही बुडत नाही. कालपेक्षा आज हात सुधारला की आपल्याला ऐकू येतं, आकडा मागायला कुणाकडे जावं लागत नाही. चुकलं तर शेजारच्याला लगेच कळतं, तो नजरेने सांगतो आणि आपण सावरतो. पथकप्रमुख कडक असतात, उशीर झाला तर मैदानाला फेऱ्या मारायला लावतात, पण ते स्वतः सगळ्यात आधी आलेले असतात आणि ढोल टेम्पोत चढवून झाल्यावर शेवटी जातात. विसर्जनाला लक्ष्मी रोडवर उभं राहिलं की दोन महिने कशासाठी घालवले ते समोरच्या गर्दीच्या अंगात दिसतं. माझ्या नोकरीत मी एका मोठ्या अहवालातला एक तक्ता भरते. तो अहवाल पुढे कोण वाचतं हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

हिंजवडी_फेज_टू

+१. शेवटचं वाक्य माझ्याही नोकरीला लागू.

निवृत्त_फिटर

बाळा, पथक दोन महिने असतं आणि त्यावर घर चालत नाही. मन मानलं नाही तर सोडताही येतं. नोकरीत तसं नसतं. हे उदाहरण मालकांच्या हातात पडलं तर ते म्हणतील, बघा, लोक फुकटही राबतात.

नदीपात्र

काका, पटलं. पगाराच्या जागी मी हे ठेवत नाहीये. पगार मला बरा मिळतो, तरीही ऑफिसात मन लागत नाही, म्हणून विचारलं.

मानसतरंग

तुम्हा दोघांचं म्हणणं एकत्र बसतं. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी उमेद आतून येण्यासाठी तीन गरजा सांगितल्या: आपल्या मर्जीने काही करता येणं, आपल्याला जमतंय असं वाटणं आणि कुणाशी तरी जोडलेलं असणं. नदीपात्र यांच्या पथकात तिन्ही भागतात. 'सोडताही येतं' हे काकांचं वाक्य पहिल्या गरजेबद्दलच आहे.

अहवाल कोण वाचतं, याबद्दल. अ‍ॅडम ग्रँटने २००७ साली मिशिगन विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या गोळा करणाऱ्यांबरोबर एक साधी गोष्ट केली. त्या देणग्यांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी काही जणांची थोडा वेळ भेट घालून दिली. महिन्याभराने त्यांचा फोनवरचा वेळ १४२ टक्के वाढला होता आणि जमा झालेली रक्कम १७१ टक्के. त्यांच्या पगारात काही बदल झाला नव्हता. आपलं काम कुठे पोचतं ते एकदा डोळ्यांनी दिसलं होतं.

लघुउद्योग_भोसरी

दुसरी बाजू मांडतो. माझं भोसरीत छोटं मशीन शॉप आहे. मोठ्या कंपन्यांच्या गप्पा आम्हाला परवडत नाहीत. २००६च्या कायद्याने लहान उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायला हवं, पण तीन-तीन महिने पैसे अडकतात आणि सात तारखेला पगार मात्र द्यावाच लागतो, द्यायलाच हवा. इच्छा असूनही मी पगार एका मर्यादेपलीकडे वाढवू शकत नाही. हे मी लोकांना कागद समोर ठेवून सांगतो.

आणि कडकपणाबद्दल. इथे सगळे बोलून ठरवण्याच्या बाजूने आहेत. माझा अनुभव असा की नव्या मुलाला पहिले काही महिने 'तुला काय वाटतं' विचारलं तर तो बावचळतो. त्याला स्पष्ट सांगणारा माणूस हवा असतो. हे असं, इतक्या मायक्रॉनमध्ये, इथे हात घालायचा नाही. माझा सुपरवायझर ओरडतो, मी ते आवडून घेत नाही, पण जिथे बोट जाऊ शकतं तिथे ओरडावंही लागतं.

जुनी_फाईल

भोसरीकर, तुमचा अनुभव खरा आहे आणि तो आपल्याच देशात मांडलाही गेला आहे. मी मनुष्यबळ विभागात बरीच वर्षं काढली, त्यात सगळ्यात उपयोगी पडलेलं लिखाण पाटण्याच्या जे. बी. पी. सिन्हांचं. १९८० साली त्यांनी भारतीय कामाच्या ठिकाणासाठी एक नमुना मांडला. वरचा माणूस मायेचा असावा, हाताखालच्याच्या घरच्या-दारच्याची चौकशी करणारा, त्याच्या वाढीची काळजी घेणारा. पण ही माया कामाशी बांधलेली असावी. काम केलं की जवळ घेतलं जातं, टाळलं की अंतर पडतं. सुरुवातीला तो स्पष्ट दिशा देतो. माणूस तयार होत गेला की हळूहळू हात सैल करतो आणि मग बरोबरीने ठरवतो. म्हणजे तुमचं 'इथे हात घालायचा नाही' आणि चाकणताईंचं 'बोलून ठरवणं' हे एकाच माणसाच्या नोकरीतले दोन टप्पे आहेत. फसतं ते पहिल्या टप्प्यावर अडकलेल्या सुपरवायझरमुळे. दहा वर्षं काम केलेल्या सेटरलाही (मशीन लावून देणाऱ्या कारागिरालाही) तो पहिल्या दिवसाच्या मुलासारखंच बोलतो.

ओरडण्यात मी एक फरक करेन. "हात काढ!" हे ओरडणं वेगळं आणि "अक्कल आहे का" हे वेगळं. क्लूगर आणि डेनिसी यांनी १९९६ साली फीडबॅकवरच्या शेकडो निष्कर्षांचा एकत्र अभ्यास केला. एक तृतीयांशाहून जास्त वेळा फीडबॅक दिल्याने काम उलट बिघडलं होतं. लक्ष कामावरून उठून स्वतःच्या किमतीकडे वळलं की असं होतं, असं त्यांचं स्पष्टीकरण. फिटरकाकांचा फोरमन बाजूला घेऊन बोलायचा, त्यामागे शिष्टाचाराइतकंच हेही होतं.

आणखी एक, हे आपल्याकडच्या फार थोड्यांना माहीत असतं. १९५३ साली अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचा ए. के. राइस आला होता. स्वयंचलित माग बसवूनही उत्पादन वाढत नव्हतं. त्याने पाहिलं की काम इतक्या वेगवेगळ्या माणसांत तुकड्या-तुकड्यांनी वाटलंय की एका मागाची पूर्ण जबाबदारी कुणाचीच नाही. त्याने सुचवलं, ठरावीक मागांना मिळून एक गट द्या. ही कल्पना कामगारांनी स्वतःच उचलली, आपसांत गट पाडले आणि रचना ठरवली. उत्पादन वाढलं, खराब कापड कमी झालं. गट स्वतःच आपलं काम बघू लागला तेव्हा सुपरवायझरला क्षणोक्षणी मधे पडायची गरज उरली नाही, त्याला सामान वेळेवर आणणं आणि पुढचं नियोजन यासाठी वेळ मिळाला. लोकांच्या स्वभावाला दोष देण्याआधी काम कसं वाटलंय ते बघा, हे मी त्यातून घेतलं.

रात्रपाळी

मी एका मोठ्या रुग्णालयात वॉर्ड इन्चार्ज आहे. रात्रीची ड्यूटी संपवून लिहितेय, विस्कळीत वाटलं तर समजून घ्या.

माझ्या मते वरच्या माणसाची एकच कसोटी आहे. हाताखालच्या माणसाकडून चूक झाली, तर तो ती तुम्हाला येऊन सांगतो की लपवतो? आमच्याकडे चूक म्हणजे चुकीच्या वेळी दिलेलं औषध, चुकलेला डोस. लपवली तर पुढच्या शिफ्टला कळत नाही आणि माणसाच्या जिवाशी गाठ. एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला, १९९६ साली छापून आला. अपेक्षा अशी की ज्या वॉर्डात एकोपा आणि इन्चार्ज चांगली तिथे चुका कमी असतील. आकडे उलटे निघाले, चांगल्या वॉर्डांत चुकांची नोंद जास्त! खोलात गेल्यावर कळलं की तिथे चुका बोलून दाखवल्या जात होत्या. बाकी ठिकाणी घाबरून गप्प बसत होते.

हे ट्रेनिंगमध्ये ऐकलं तेव्हा मला माझ्या पहिल्या इन्चार्ज सिस्टर आठवल्या. त्या हँडओव्हरला, म्हणजे पुढच्या शिफ्टकडे काम सोपवताना, सगळ्यात आधी स्वतःचं सांगायच्या, "काल मी अमुक औषधाची वेळ बघायला विसरले होते, हिने आठवण केली." एकदा मोठ्या बाईंनी असं सांगितलं की नवख्या मुलीलाही तोंड उघडता येतं. मी आता तेच करते. चूक सांगायला आलेल्या मुलीला पहिला प्रश्न "पेशंट कसा आहे?" हा विचारते. तू असं का केलंस, ते नंतर.

तेव्हा ताई, तुमच्या रिजेक्शनच्या आकड्यांकडेही जरा सावधपणे बघा. ज्या लाईनचं रिजेक्शन फार कमी दिसतं तिथे खरंच काम चांगलं आहे की माल गुपचूप रीवर्कला (पुन्हा दुरुस्तीला) जातोय, हे आकडा सांगत नाही. आणि त्याच आकड्यावर तुम्ही सुपरवायझर निवडताय.

चाकण_शिफ्ट

रात्रपाळी ताई, शेवटच्या दोन वाक्यांसाठी मनापासून धन्यवाद. हे प्रस्तावात सगळ्यात वर जाणार.

आत्तापर्यंत माझ्या कच्च्या मसुद्यात जे आलंय ते टाकते. एक, थेट बढती न देता आधी बदली सुपरवायझर म्हणून काम द्यायचं. नेहमीचा सुपरवायझर रजेवर असतो तेव्हा या माणसाकडे लाईन, तीही त्याच्या स्वतःच्या लाईनपेक्षा वेगळी. त्या काळात मी आकड्यांबरोबर बघणार ते असं: तो नसताना काम चालतं का, चुका उघड येतात का, नवीन मुलगा त्याला प्रश्न विचारतो का. दोन, शिफ्ट सुरू होताना हिंजवडीच्या लीडसारखं 'काय अडलंय' विचारायचं आणि अडलेलं सोडवण्यासाठी त्याला थोडे अधिकार द्यायचे. आज आमच्या सुपरवायझरला हातमोज्यांची जास्तीची जोडीही सहीशिवाय देता येत नाही. ज्याच्या हातात काही नाही त्याच्यावर लोकांनी भरवसा का ठेवावा? तीन, ऑपरेटरना एकदा आमच्या ग्राहक कंपनीच्या असेंब्ली लाईनवर नेऊन आपला पार्ट गाडीत कुठे बसतो ते दाखवायचं. याला खर्च एका बसचा आहे.

चौथ्यावर अडले आहे. लाईनवरच्या लोकांना विचारायचं का, की हा माणूस तुम्हाला चालेल का?

लघुउद्योग_भोसरी

विचारू नका असं म्हणणार नाही, पण मतदान करू नका. आपल्याकडे लगेच गाववाले एका बाजूला होतात, कधी जातीवरही जातं. जो सैल सोडेल त्याला मतं मिळतील ही भीती वेगळीच.

रात्रपाळी

'चालेल का' असं विचारूच नका. एकेकट्याला, लाईनपासून लांब, एवढंच विचारा: "काल तुझ्याकडून पार्ट खराब झाला असता तर याला सांगितला असतास का?" यात कुणाचा गाववाला कोण ते फार चालत नाही. माणूस क्षणभर विचार करतो तिथेच तुम्हाला उत्तर मिळतं.

निवृत्त_फिटर

कंत्राटी पोरांनाही विचारा. नाहीतर अर्धी लाईन वगळली जाईल.

आणि एक राहिलं. ऑपरेटर सुपरवायझर का होतो? पगार वाढवायचा दुसरा रस्ताच नसतो म्हणून. आमच्याकडे एक सेटर होता, डाय बसवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, माणसांत मात्र त्याचा जीव गुदमरायचा. मुलीचं लग्न होतं, त्याने बढती घेतली. पुढे तो त्रासला आणि लोकही त्रासले. त्याला सेटर म्हणूनच तेवढी वाढ मिळाली असती तर त्याने कधी बढती मागितली नसती. सुपरवायझर न होताही वर जाता येईल अशी एक पगाराची पायरी तुमच्या प्रस्तावात घाला. ती नसेल तर बाकीचं कितीही चांगलं लिहिलंत तरी चुकीची माणसंच अर्ज करणार.

चाकण_शिफ्ट

काका, ही पायरी घालते. 'मुख्य सेटर' असं पद सुचवतेय, पगार सुपरवायझरच्या बरोबरीचा, काम मशीनचं आणि नव्या सेटरना तयार करण्याचं. कंत्राटी मुलांना विचारण्यावर एचआरकडून 'ते आपले कर्मचारी नाहीत' असं उत्तर येईल याची मला कल्पना आहे. पण तीन पाळ्यांत त्या लाईनवर तीच उभी असतात, त्यामुळे हा मुद्दा मी सोडणार नाही. मसुदा पूर्ण झाला की कंपनीचा तपशील काढून इथे टाकते. जुनी_फाईल, कॅलिकोसारखे गट आमच्या एका सबअसेंब्लीवर करून बघता येतील का, यावर तुमच्याशी वेगळं बोलायचं आहे.

जुनी_फाईल

जरूर. येताना त्या सबअसेंब्लीवर कोण काय करतं याचा कागद आणा, आणि तो ऑपरेटरकडूनच लिहून घ्या.